एकशेवीस तास आणि सोळा नंबरचं लेणं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना जिथे अडखळलो तेवढं गाळलंय, बाकी सगळं आहे तसंच.

आजची गोष्ट सुरू होते एका सर्टिफिकेटपासून. माझी मावसबहीण संभाजीनगरला टुरिझममध्ये एमए करते. गेल्या वर्षी तिचा ओजेटी झाला. ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग. नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून आपल्याकडच्या विद्यापीठांत हा शब्द पोराटोरांच्या तोंडी आहे. चार क्रेडिट, म्हणजे १२० तास प्रत्यक्ष काम. कागदावर एकदम झकास. तिला एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे पाठवलं. तिथे ती काय शिकली? प्रवाशांचे आधार नंबर एक्सेलमध्ये भरायचे, झेरॉक्स काढून आणायची, आणि दुपारी मालक जेवायला गेले की फोन उचलून "साहेब जेवायला गेलेत" असं सांगायचं. १२० तास पूर्ण झाल्यावर सर्टिफिकेट मिळालं. शेरा: उत्कृष्ट.

त्या रात्री तिने मला फोन केला. "दादा, मी हा कोर्स सोडू का? बीएड करते त्यापेक्षा."

मी तेव्हा जरा गप्पच राहिलो. कारण माझं स्वतःचं खातं फारसं स्वच्छ नव्हतं. ऑफिसातले दोन मित्र आणि मी, आम्ही शनिवार-रविवार बसून एक ऑडिओ गाईड ॲप बनवत होतो. लेण्यासमोर उभं राहायचं, नंबर दाबायचा, की फोन माहिती सांगायला लागतो. अजिंठ्याची स्क्रिप्ट माझ्याकडे होती. ती मी लिहिली पुण्यात, खोलीवर, पंख्याखाली बसून. तीन पुस्तकं, काही जुन्या पीडीएफ आणि यूट्यूब. अजिंठ्याला मी शेवटचा गेलो होतो नववीच्या सहलीला, आणि त्यातलं मला आठवतं ते एवढंच की माकडाने आमच्यातल्या एकाचा डबा पळवला होता. म्हणजे बहिणीने फील्ड न बघता १२० तास काढले आणि मी फील्ड न बघता फील्डचं ॲप काढलं. खानदानी गुण.

तिच्या विभागातले एक सर मात्र वेगळ्या जातकुळीचे निघाले. ओजेटी झाल्यावर त्यांनी स्वतःहून दोन दिवसांची अजिंठ्याची फेरी ठरवली. याला क्रेडिट नव्हतं. एसटीची गाडी प्रासंगिक करारावर घेतली, आणि खर्च पोरांनी वाटून घेतला. वर्गातली दोन मुलं तेवढे पैसे नाहीत म्हणून आली नाहीत. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण प्रत्यक्ष शिक्षणाच्या गप्पा मारताना ही दोन मुलं कुठल्याच अहवालात येत नाहीत. त्यांच्या रिकाम्या झालेल्या सीटपैकी एकीवर मी बसलो होतो. नंतर ते जरा टोचलं.

संभाजीनगरहून अजिंठा साधारण १०० किलोमीटर. गाडीत सरांनी नियम सांगितले. फोन पिशवीत. वही-पेन हातात. आणि सगळ्यात महत्त्वाचं: "तुमच्याकडे गाईडचा परवाना नाही. तेव्हा बोलायचं ते फक्त आपल्याच ग्रुपसमोर, आणि लेण्याच्या बाहेर, ओसरीत. आत गेल्यावर हळू आवाजात फक्त दाखवायचं." प्रत्येकाला एकेक लेणं दिलेलं होतं. बहिणीच्या वाट्याला सोळा नंबर आला. तयारीसाठी तिने काय वाचलं असेल? बरोबर. माझी स्क्रिप्ट.

फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी सोडायची आणि तिथल्या बसने चारेक किलोमीटर आत जायचं, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. सरांनी पोरांना तिथेच पहिलं काम लावलं. पंधरा मिनिटांत किती लोक बसच्या रांगेत येतात ते मोजा. स्फटिकाचे दगड विकणारे लोक कुणाला हाक मारतात आणि कुणाला नाही, ते बघा. पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह शोधायला एखाद्या आजोबांना किती जणांना विचारावं लागतं? डोलीवाल्यांशी बोला. मला वाटलं होतं इतिहासाची सहल आहे, आणि इथे तर रांगा मोजणं चाललंय. पण नंतर लक्षात आलं, लेण्यांपर्यंत पोहोचणारा माणूस दमलेला, तहानलेला आणि थोडा चिडलेला असतो. तुम्ही सांगणार ती हरिषेण राजाची गोष्ट त्याच अवस्थेत तो ऐकणार असतो.

आता थोडा इतिहास. म्हणजे त्यासाठीच तर तुम्ही आलात.

अजिंठ्याच्या इतिहासात पहिला पाहुणा म्हणून जॉन स्मिथचं नाव येतं. मद्रासच्या घोडदळातला इंग्रज अधिकारी, वाघाच्या शिकारीला आलेला. २८ एप्रिल १८१९. वाघूर नदीच्या पलीकडच्या कड्यावरून त्याला झाडीत दडलेली कमान दिसली. सांगतात की तिथल्या एका गुराख्याच्या पोराने त्याला ती जागा दाखवली. त्या पोराचं नाव कुणीच लिहून ठेवलेलं नाही. स्मिथने मात्र स्वतःचं नाव दहा नंबरच्या लेण्यातल्या खांबावर, चित्रावरच, तारखेसकट कोरून ठेवलंय. ते आज आपल्या डोक्याच्याही वर आहे, कारण तेव्हा लेण्यात इतका गाळ आणि दगडमाती साचली होती की तो त्या ढिगावर उभा होता. म्हणजे अजिंठ्याचा पहिला गाईड बिनपरवान्याचा, बिननावाचा. आणि पहिला टुरिस्ट आजच्या "पिंट्या लव्हज पिंकी"वाल्यांचा खापरपणजोबा.

त्यानंतर चित्रांच्या नकला करायचं वेड सुरू झालं. मद्रास सैन्यातल्या रॉबर्ट गिलने १८४० च्या दशकात सुरुवात केली आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिला. त्याची आणि पारोची गोष्ट आपल्याकडे ना. धों. महानोरांच्या कवितेमुळे आणि नंतर सिनेमामुळे घरोघरी गेली, म्हणून मी त्यात शिरत नाही. त्याने केलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या, एवढं लक्षात ठेवा.

मला जास्त रस आहे त्याच्यानंतर आलेल्या पोरांमध्ये. १८७२ सालापासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला यायला लागले. हे काम मध्ये मध्ये थांबत १८८५ पर्यंत चाललं. माझ्या मते आपल्याकडच्या 'फील्ड ट्रेनिंग'ची ही फार मोठी आणि फार विसरलेली बॅच. मुंबईची पोरं, पेस्तनजी बोमनजींसारखी, पुढे नामवंत चित्रकार झालेली. वर्गात त्यांना युरोपातल्या पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतींवरून चित्रं काढायला शिकवायचे. आणि इथे समोर काय, तर मातीच्या गिलाव्यावरची दीड हजार वर्षांपूर्वीची चित्रं, काळोख, वटवाघळं आणि वर लटकलेली मधमाश्यांची पोळी. वर्गात शिकवलेलं माप इथे चालत नाही. डोळा कसा काढायचा, बोटं कशी वळतात, हे भिंतीकडे तासन् तास बघूनच कळणार. त्यातून मोठमोठ्या कॅनव्हासवर शेकडो नकला तयार झाल्या.

आता याची दुसरी बाजू. चित्रं नीट दिसावीत म्हणून या काळात भिंतींवर व्हार्निश लावलं गेलं. तेवढ्यापुरती चित्रं उजळली. पुढे ते व्हार्निश काळवंडलं, पिवळं पडलं, पोपडे धरू लागलं. नंतर निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी यांना चित्रं वाचवायला आणलं. त्यांनी सुटत चाललेला गिलावा पक्का केला हे खरंच मोठं काम, पण वर लाखेचा थर दिला, आणि तोही पुढे पिवळाच पडला. हे सगळं हळूहळू काढत बसायचं काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांच्या कित्येक पिढ्यांना पुरलं. आणि ज्या नकलांसाठी ते व्हार्निश लावलं, त्यातल्या शंभरावर नकला १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमच्या आगीत जळाल्या. उरलेल्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत.

ओसरीत बसून सर हे सांगत होते तेव्हा एका मुलीने विचारलं, "म्हणजे सर, विद्यार्थ्यांना तिथे न्यायलाच नको होतं का?" सरांनी लगेच उत्तर दिलं नाही. ते म्हणाले, दुसऱ्या बॅचची गोष्ट ऐका, मग सांगा.

दुसरी बॅच म्हणजे लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांची. १९०९ ते १९११ च्या दरम्यानचे दोन हिवाळे. त्यांच्याबरोबर कलकत्त्याहून अवनींद्रनाथ टागोरांचे शिष्य आले: नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि म्हैसूरकडचे वेंकटप्पा. हैदराबादहून सय्यद अहमद आणि फजलुद्दीन. यांची वयं बघा. नंदलाल २७ वर्षांचे. हालदार जेमतेम एकोणीस-वीसचे. म्हणजे माझ्या आणि माझ्या बहिणीच्या वयाचीच मंडळी. फर्दापूरजवळ तंबू ठोकून राहिली, रोज लेण्यांपर्यंत जायची आणि उजेड असेपर्यंत काम करायची.

या फेरीतून काय निघालं? हेरिंगहॅमबाईंचं पुस्तक १९१५ मध्ये लंडनहून निघालं. पण मोठी गोष्ट ती नाही. अजिंठ्याची रेषा नंदलालांच्या हातात कायमची बसली. ते पुढे शांतिनिकेतनात कलाभवनाचे प्रमुख झाले, आणि आपल्या संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीवरची चित्रसजावट त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी केली. आणि सय्यद अहमद? ते परत अजिंठ्यालाच आले, लेण्यांचे क्युरेटर म्हणून. विद्यार्थी म्हणून जिथे आला तिथेच राखणदार म्हणून राहिला. मला ही गोष्ट नंदलालांपेक्षा काकणभर जास्तच आवडते. पण संविधानाबद्दल यूट्यूबवर शंभर व्हिडिओ आहेत आणि सय्यद अहमदांबद्दल शोधायला गेलं तर दमछाक होते.

बरं, हे सगळे चित्रकलेचे विद्यार्थी. टुरिझमचे विद्यार्थी कुठून आले? हा भाग जरा कोरडा आहे, पटकन उरकतो. १९४५ मध्ये इंग्रज सरकारने पर्यटन वाढवण्यासाठी एक समिती नेमली, तिचे अध्यक्ष सर जॉन सार्जंट. गंमत म्हणजे हे गृहस्थ शिक्षण खात्यातले, सरकारचे शिक्षण सल्लागार. म्हणजे आपल्या पर्यटनाचा पहिला कागद लिहिला गेला एका शिक्षणवाल्याच्या हाताखाली. १९४९ मध्ये वाहतूक मंत्रालयात पर्यटनाची शाखा निघाली, १९५८ मध्ये वेगळा विभाग. कॉलेजात हा विषय यायला अजून वेळ लागला. केंद्र सरकारची पर्यटन आणि प्रवास व्यवस्थापन शिकवणारी संस्था १९८३ ची, आधी दिल्लीत, मग ग्वाल्हेरला. आणि नव्वदच्या दशकात यूजीसीने बीएला व्यवसायाचे विषय जोडायची योजना आणली, त्यात टुरिझम गावोगावच्या कॉलेजांत पोहोचलं.

याच्या शेजारी हॉटेल मॅनेजमेंट ठेवून बघा. स्वित्झर्लंडमधली लोझानची हॉटेल शाळा १८९३ ची. आपल्याकडे दादरची संस्था १९५४ ची. या शाळांना पहिल्या दिवसापासून एक गोष्ट मिळाली: स्वयंपाकघर. पोराने आमटी खारट केली तर ओतून द्यायची आणि दुसरी चढवायची. चुकायला जागा आहे. टुरिझमवाल्यांचं स्वयंपाकघर कुठलं? अजिंठा, रायगड, दौलताबाद. तिथे हात लावून शिकता येत नाही, कारण बिघडलं तर दुसरं चढवता येत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले कोड आधी स्टेजिंगवर टाकून बघतो, मग प्रॉडक्शनवर. अजिंठ्याला स्टेजिंग नाही हो. सगळं प्रॉडक्शन.

मला वाटतं विद्यापीठांनी यातून सोपी वाट काढली. ठिकाण धोक्याचं, खर्चाचं, जबाबदारीचं, ऑफिस सोयीचं. म्हणून प्रत्यक्ष शिक्षण म्हणजे एक्सेल आणि झेरॉक्स. आता तर केंद्राचं पर्यटक सहायकाचं सर्टिफिकेट ऑनलाइन अभ्यासक्रमातूनही मिळतं. दूरच्या तालुक्यातल्या पोरांसाठी ती सोय चांगलीच आहे, मी नाव ठेवत नाही. पण स्क्रीनवर पाठ केलेलं समोरच्या माणसाला सांगताना काय होतं, ते मी त्याच दिवशी दुपारी बघितलं.

त्याआधी एक नंबरचं लेणं. तिथे आमच्याबरोबर एक स्थानिक गाईड काका होते, साठीच्या आसपासचे, परवानाधारक. सर त्यांना दरवेळी मानधन देऊन बोलावतात, "आमचे व्हिजिटिंग प्रोफेसर" म्हणून ओळख करून देतात. काकांचे वडील गाईड नव्हते. ते उजेडवाले होते. वीज नव्हती तेव्हा लेण्याच्या बाहेर पत्रा किंवा आरसा धरून ऊन आत फेकायचे, आत दुसरा माणूस पांढरं कापड धरायचा, आणि त्या परतलेल्या मऊ उजेडात भिंत दिसायची. कुठल्या महिन्यात, किती वाजता, कुठल्या लेण्यात ऊन किती आत जातं, हे काकांना लहानपणीच पाठ झालं. गाभाऱ्यातल्या बुद्धाच्या मूर्तीवर डावीकडून उजेड आला तर चेहरा वेगळा, उजवीकडून वेगळा, समोरून वेगळा, हे गाईड लोक पूर्वी दिवा फिरवून दाखवायचे. आता प्रकाशयोजना कायमची आहे, चित्रांना त्रास होऊ नये म्हणून मंद ठेवलेली, आणि फ्लॅश तर बंदच. काकांनी तळहाताची सावली करून समजावलं. मग म्हणाले, "उजेड कमी आहे म्हणून पाहुणे कुरकुर करतात. त्यांना दारात दोन मिनिटं उभं करायचं. डोळे सरावले की भिंत आपोआप बोलायला लागते. घाई करणारा गाईड म्हणजे आंधळ्याला सिनेमा दाखवणारा." माझ्या ॲपमध्ये दारातल्या त्या दोन मिनिटांसाठी काहीच नव्हतं. नंबर दाबला की लगेच सुरू.

सरांनीही एक गोष्ट दाखवली. विहाराच्या आतल्या खोल्यांच्या दारांना, जिथे लाकडी दार फिरायचं तिथे दगडात खोबणी आहेत. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे वॉल्टर स्पिंक पन्नासच्या वर वर्षं अजिंठ्याच्या मागे होते, २०१९ मध्ये वारले. ते विद्यार्थ्यांना आणून लेण्यांतच वर्ग घ्यायचे. त्यांनी ही खोबणी बघितली: दार बसवायची पद्धत कुठल्या लेण्यात कशी बदलली, खोबणी झिजलीय की कोरीच राहिलीय, कुठे दिव्याची काजळी आहे, कुठे नाही. असल्या पुराव्यांवरून त्यांनी मांडलं की महायान काळातली बहुतेक लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, साधारण इ.स. ४६२ ते ४८०, एवढ्या थोड्या वर्षांत खोदली गेली. सगळ्या अभ्यासकांना हे पटत नाही, वाद चालू आहे. पण पद्मपाणी सोडून दाराची बिजागरी बघणारा माणूस! आमच्यातली चार पोरं लगेच गुडघ्यांवर बसून खोबणी शोधायला लागली. मीपण.

मग आलं सोळा नंबर. खाली पायऱ्यांशी दोन हत्ती आहेत ते. हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने हे लेणं दान दिलं, तसा शिलालेख बाहेर आहे. बहीण ओसरीत उभी राहिली. आवाज जरा कापत होता, पण सुरुवात छान केली. वराहदेव सांगितला, नदीचं वळण सांगितलं. आमच्या मागे नागपूरकडून आलेला एक ग्रुप थांबला होता, पांढऱ्या साड्यांमधल्या बायका, तीर्थयात्रेला निघालेल्या. त्यापण ऐकत होत्या. बहीण म्हणाली, "आत डाव्या भिंतीवर जगप्रसिद्ध 'मरणासन्न राजकुमारी' आहे. ही राजकुमारी आजारी आहे, शेवटचा श्वास घेते आहे, आणि दासींच्या चेहऱ्यावर मृत्यूची सावली पसरली आहे." शब्दन् शब्द माझा. मृत्यूची सावली वगैरे लिहिताना तर मी स्वतःवरच खूश झालो होतो.

त्या बायकांतल्या एक आजी पुढे आल्या. सत्तरीच्या असतील. रागावल्या नाहीत, उलट बहिणीच्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "बाई, ती मरत नाहीये. तिचा नवरा भिक्खू झालाय. नंद, भगवंताचा भाऊ. त्याचा मुकुट परत आणलाय बघ माणसाने, तो बघून घेरी आलीय तिला. सुंदरी नाव तिचं."

ओसरीत शांतता. बहिणीने माझ्याकडे बघितलं. मी खांबाकडे.

आजींचंच बरोबर होतं. 'डायिंग प्रिन्सेस' हे नाव इंग्रजांच्या काळापासून चिकटलेलं. चित्र पाहणाऱ्यांना कथा माहीत नव्हती, समोर कोसळलेली बाई दिसली, म्हणून ती मरणारी ठरली. पुढे अभ्यासकांनी कथा ओळखली: बुद्धांचा सावत्र भाऊ नंद, त्याची प्रव्रज्या आणि त्याची बायको सुंदरी. अश्वघोषाने यावर संस्कृतात 'सौन्दरनन्द' हे अख्खं काव्य लिहिलंय. हे कित्येक वर्षांपूर्वी छापून आलंय. पण जुनं नाव चटकदार आहे, त्यामुळे ते पोस्टकार्डांवरून पुस्तकांत, पुस्तकांतून ब्लॉगवर आणि ब्लॉगवरून माझ्या ॲपमध्ये बिनबोभाट चालत आलं. चित्रांना सरसकट 'फ्रेस्को' म्हणतात तसंच. खरा फ्रेस्को ओल्या गिलाव्यावर करतात. अजिंठ्यात गिलावा वाळल्यावर रंग लावलाय. पण हेरिंगहॅमबाईंच्या पुस्तकाच्या नावातच फ्रेस्को आलं, आणि ते आजही निघत नाही.

आता इथे बहिणीने जे केलं ते मला जमलं नसतं. मी तर "स्रोतांमध्ये मतभेद आहेत" असलं काहीतरी पुटपुटलो असतो. ती म्हणाली, "आजी, मला हे माहीत नव्हतं. तुम्ही सांगाल का पुढची गोष्ट?" आणि आजींनी ओसरीच्या कडेला बसून सगळी सांगितली. नंदाला मोह कसा सुटत नव्हता, बुद्धांनी त्याला स्वर्गातल्या अप्सरा कशा दाखवल्या, मग त्याचं मन कसं वळलं. विहारातल्या प्रवचनात ऐकलेली होती, म्हणाल्या. वीस पोरं जमिनीवर बसून ऐकत होती. गाईड काका हाताची घडी घालून मान डोलावत होते. मग आजींचा हात धरून बहीण आत गेली, आणि आम्ही मागोमाग. दारात दोन मिनिटं थांबलो. डोळे सरावले. मुकुट घेतलेला माणूस दिसला.

बाहेर आल्यावर सरांनी सकाळच्या त्या मुलीला विचारलं, "आता सांग, विद्यार्थ्यांना न्यायला नको होतं का?" ती म्हणाली, "न्यायचं सर, पण व्हार्निश नको." पोरं हसली. मग तीच थोडं थांबून म्हणाली, "आणि चूक कुणीतरी तिथल्या तिथे सांगायला पाहिजे. ग्रिफिथ्सच्या वेळी आजींना आत कुणी विचारलं असतं?"

या प्रश्नावर गाडीत बराच वाद झाला, रात्री जेवताना परत झाला. कुणी म्हणालं, १८७२ मध्ये आसपासच्या गावांत ही कथा माहीत असणारं कुणी नव्हतंच, बौद्ध धम्म इथून कधीच गेला होता, १९५६ नंतर तो घराघरात परत आला आणि म्हणून आज आजींना ती कथा येते. मला हे अगदी पटलं. दुसरं कुणी म्हणालं, मग अजिंठ्याचं ट्रेनिंग घ्यायचं तर पहिला आठवडा नागपूर-विदर्भातल्या विहारांत काढायला हवा, लेण्यांत नंतर. सरांनी ते वहीत लिहून घेतलं. सर वहीत लिहितात तेव्हा ते गंभीर असतात, असं बहीण म्हणते.

दुसऱ्या दिवशी परतताना मोजणीत एक जण कमी भरला. टूर लीडरची पाळी बहिणीची होती. फाट्यावरची बस सुटायला आलेली, चाळीस पर्यटक ओरडताहेत, आणि आमचा एक वीर सव्वीस नंबरमध्ये महापरिनिर्वाणाच्या मूर्तीसमोर बसून राहिलेला. तिने बस सोडून दिली, ग्रुपला सावलीत बसवलं, दोघांना पाणी आणायला पाठवलं आणि स्वतः परत वर गेली. ओजेटीच्या १२० तासांत हे एकदाही करावं लागलं नव्हतं. वीस मिनिटांनी त्याला घेऊन आली. रागावली का, विचारलं तर म्हणाली, "काय रागावू, मलापण तिथून उठवत नव्हतं."

कोर्स तिने सोडला नाही. सध्या तरी. विभागाला फेरीचा अहवाल ठरलेल्या नमुन्यात हवा होता: उद्दिष्टे, कार्यपद्धती, निष्कर्ष. तिने लिहिला अकरा पानांचा, त्यातली तीन पानं आजींची गोष्ट. नमुन्यात बसत नाही म्हणून परत आला. तिने 'परिशिष्ट' असं नाव देऊन तीच तीन पानं मागे जोडली, मग बसला. सरांनी पुढच्या वर्षीपासून ही फेरी फील्ड प्रोजेक्ट म्हणून क्रेडिटमध्ये धरावी आणि पैसे नसलेल्या मुलांचा खर्च विभागाने करावा असं पत्र दिलंय. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

ॲपचं म्हणाल तर त्याची स्क्रिप्ट मी तिच्या वर्गाला देऊन टाकली. त्यांनी लेणं लेणं वाटून घेऊन त्यावर लाल खुणा केल्या. पहिल्या दहा लेण्यांत सतरा चुका निघाल्या; त्यातली एक तर अशी की मी ज्या खिडकीतून प्रकाश येतो म्हणून लिहिलं होतं ती खिडकीच तिथे नाही. सोळा नंबरचा ऑडिओ मी डिलीट केलाय. तिथे नवीन काय टाकायचं ते ठरलेलं नाही. बहीण म्हणते, दारात थांबायची दोन मिनिटं टाक, नुसती शांतता, आणि मग सुंदरीची गोष्ट, पण ती कुणाच्या तरी आजीच्या आवाजात.

त्यांच्या ज्युनिअर बॅचची फेरी पुढच्या महिन्यात आहे. मी रजा टाकलीय, आणि या वेळी माझी सीट वेगळी, स्वतःच्या पैशाने. वार अजून पक्का व्हायचाय, पण सोमवार नक्की नाही. सोमवारी अजिंठा बंद असतो. माझ्या स्क्रिप्टमध्ये मी मंगळवार लिहिला होता.